डब्यात दोष नाही

७ जानेवारी, मंगळवार

वेणीमाधव सरांनी प्रकल्पाची नोंदवही हातात देताना एकच सूचना दिली. "अर्शी, यात आकडे लिही. मत नको." बरोबर आहे. पण दिवसभरात मतं होतातच, म्हणून ही दुसरी वही. ही दवाखान्यात न्यायची नाही.

प्रकल्प असा : गरोदरपणात ज्या बायकांचं मन उतरतं त्यांना आठवड्यातून दोन वेळा, मंगळवारी आणि शुक्रवारी, अर्धा तास संगीत ऐकवायचं आणि फरक पडतो का ते मोजायचं. सर बाळंतपणाचे डॉक्टर आहेत आणि वीस वर्षं बासरी शिकले आहेत. कुठली रचना कोणत्या महिन्यात ऐकवायची, हे त्यांनी ठरवलं आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सची. खोली, हेडफोन, आवाजाची पातळी आणि दहा प्रश्नांचा तक्ता माझ्याकडे. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तेरा किंवा वर गेली तर काळजीचं. दहावा प्रश्न, स्वतःला इजा करावी असं वाटतं का. त्याचं उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी सरांना सांगायचं.

खोली म्हणजे पहिल्या मजल्यावरची जुनी एक्स-रेची खोली. खिडकी नाही, भिंती जाड. दार लावल्यावर ३१ डेसिबल. सोलापुरात एवढी शांत जागा दुसरी नसेल.

आज सहा जणी आल्या. शेवटची सिद्धेश्वरी, वय बावीस, अठरावा आठवडा. अक्कलकोटच्या अलीकडच्या गावातून एसटीने आली होती. बरोबर सासू. घरात कन्नड बोलतात. सासूला ती 'अत्ती' म्हणते. नवरा शिवयोगी चिंचोळी एमआयडीसीत कामाला. सिद्धेश्वरीची आई ती चौदा वर्षांची असताना वारली.

प्रश्न मी तिला विचारत होते, उत्तरं सासू देत होती.

"झोप लागते का?"

"लागती की. धा वाजता लागती."

"मावशी, यांना सांगू द्या."

"ती काय सांगनार? तिला बोलता कुटं येतंय?"

सासूला बाहेर बसवलं. मग सिद्धेश्वरीने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं, हळू, पण स्पष्ट. बेरीज एकोणीस. दहावा प्रश्न : "कदीतरी वाटतंय."

१० जानेवारी, शुक्रवार

सरांनी सिद्धेश्वरीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरवलं होतं. ते दर बुधवारी आपल्याच दवाखान्यात येतात. सासूने उभ्या उभ्या नकार दिला. "पोटात पोर असताना डोक्याच्या गोळ्या? येडं पोर जन्मलं तर?" सरांनी पंधरा मिनिटं समजावलं. शिवयोगी खाली बघत होता. शेवटी सर म्हणाले, मग निदान संगीत तरी चुकवू नका. त्याला सासू एकदम तयार. तिच्या मते हे बाळासाठी आहे.

"गानं ऐकून पोर हुशार हुतंय म्हनं?"

मी म्हटलं, तसं सिद्ध झालेलं नाही.

"तुमी कंचं गानं ऐकलंव आईच्या पोटात?"

"अम्मी शिलाई मशीन चालवायची."

"मग बगा की! मशीन ऐकलंव अन् मशीनवाली झालाव!"

प्रभाताई खूप हसल्या. प्रभाताई आमच्या विभागाच्या मुख्य परिचारिका. त्या कशालाही हसतात.

१४ जानेवारी, मंगळवार

गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराची. सहापैकी पाच जणी आल्या नाहीत. सिद्धेश्वरी एकटीच आली. सासू देवाच्या लग्नाला, अक्षता सोहळ्याला गेली होती.

मी विचारलं, "तुमचं नाव तर देवावरूनच ठेवलंय. तुम्ही नाही गेलात?"

"तितं लई गर्दी. हितं बरं हाय."

पाच सत्रं रिकामी होती, म्हणून ती सत्रानंतरही खोलीत बसून राहिली. मी केबल तपासत होते. तिने मला विचारलं, तुमाला भाऊ-भन हाय का, डब्यात काय आनलाव, एकट्याच जेवताव का. मी उत्तरं दिली. एकटी जेवते, वेळ वाचतो. तिने तिळाची पोळी काढून अर्धी माझ्यासमोर ठेवली. खोलीत खायला परवानगी नाही, म्हणून मी ती कागदात बांधून ठेवली. घरी अम्मीने खाल्ली.

३१ जानेवारी, शुक्रवार

आज माझ्याकडून चूक. सिद्धेश्वरीच्या सत्राच्या आधी हेडफोनची पिन सैल झाली होती. पूर्ण अर्धा तास तिला काहीही ऐकू आलेलं नाही. यंत्रात आवाज बाहेर गेल्याची नोंद असते, ती शून्य. मला ती गेल्यावर कळलं. जाताना ती म्हणाली होती, "आज लई बरं वाटलं." सत्र रद्द धरलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सिद्धेश्वरीला विचारलं, आवाज येत नव्हता हे कळलं नाही का?

"कळलं हुतं की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी कानावरचं काढून घेतलं असतं."

"पण आवाज नसताना ते कानावर ठेवून काय उपयोग?"

"हे कानावर असलं की कुनी बोलत न्हाय."

नोंदवहीत लिहिलं : रुग्णास सत्राचा उद्देश नीट समजलेला नाही, पुढील वेळी समजावून सांगणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सहा आठवडे झाले. आज सगळ्यांचे तक्ते पुन्हा भरले. सिद्धेश्वरीची बेरीज नऊ. दहाव्या प्रश्नाला शून्य. वजनही वाढलं आहे. सरांनी तक्ता दोनदा बघितला आणि मग टेबलावर बोटांनी ताल धरला. एकूण बावीस बायकांपैकी सोळा जणींमध्ये सुधारणा आहे.

अडचण वेगळी आहे. सातवा लागला, डोहाळजेवण झालं, की बायका माहेरी जातात. कोणी सांगोल्याला, कोणी इंडीला, एक तर थेट हैदराबादला. तिथून आठवड्यातून दोनदा सोलापूरला कोण येणार? पंधरा मार्चपर्यंत निम्म्या तरी निघून जातील. म्हणजे शेवटचा तक्ता भरायला समोर कोणी नाही आणि अभ्यास अर्धवट.

मी उपाय सुचवला. घरी नेता येईल असा संच. छोटा स्पीकर, हेडफोनची जागा, आत सरांचं संगीत आणि एक चिप. कधी लावलं, किती वेळ, किती मोठ्याने, हेडफोनवर की स्पीकरवर, सगळं चिपवर उमटेल. कार्ड पंधरवड्याला कुणीतरी आणून द्यायचं. तक्ता फोनवर भरता येईल. बाई कुठेही असो, संगीत पोचेल आणि मोजलंही जाईल.

सर म्हणाले, "अर्शी, तू प्रकल्प वाचवलास."

हे वाक्य मी इथे लिहिते आहे कारण ते त्यांनी शब्दशः असंच म्हटलं.

४ मार्च, मंगळवार

तिसरा रोजा. अठ्ठावीस संच तयार, बावीस जणींचे आणि सहा जादा. प्रत्येकाची चाचणी मी स्वतः घेतली. बाहेरून स्टीलच्या डब्यासारखे दिसतात, म्हणून सगळे 'डबा'च म्हणतात. प्रभाताईंनी एक हातात घेऊन उलटासुलटा केला. "म्हणजे आता बायका यायच्या बंद? मग मी गप्पा कुणाशी मारू? या डब्याशी?"

आज सगळ्यांना वाटप. माहेरी जाणाऱ्यांना आणि न जाणाऱ्यांनाही. एकाच अभ्यासात दोन पद्धती ठेवता येत नाहीत, आकड्यांची तुलना होत नाही.

सिद्धेश्वरी सासूबरोबर आली होती. सासू फार खूश. उन्हं वाढली, एसटीत धक्के, पोटाला धोका, आता घरच्या घरी. डबा तिने पदरात धरला होता.

सिद्धेश्वरी म्हणाली, "मग मी यायचं न्हाय?"

"गरज नाही. सगळं यातच आहे. तपासणीच्या तारखेला याच."

"ते म्हैन्यातनं येकदा."

"हो."

"कदी मदीच आले तर?"

मी सांगितलं की मधल्या सत्रांची नोंद आता धरली जाणार नाही. आणि खोली सोनोग्राफीला दिली आहे, तेही सांगितलं. ती थोडा वेळ उभी राहिली. सासूने हाक मारली तेव्हा गेली.

तिला माहेर नाही हे मला माहीत होतं. तेव्हा एवढंच डोक्यात आलं की हिचं कार्ड वेळेवर मिळेल. नवरा रोज चिंचोळीला येतोच.

१८ मार्च, मंगळवार

पहिली कार्डं. सगळ्यात व्यवस्थित कार्ड सिद्धेश्वरीचं. चौदा दिवस, रोज दोन वेळा, अकरा आणि पाच, पूर्ण अर्धा तास. आम्ही आठवड्यातून दोनदाच सांगितलं होतं. शिवयोगी म्हणाला, "आई लावती. घड्याळ बघून. म्होरं बसवती तिला अन् सोताबी बसती." सरांना आनंद झाला. डोस वाढला तर हरकत नाही म्हणाले.

निरीक्षण : हेडफोन एकदाही वापरलेला नाही. स्पीकर, आवाज पूर्ण. दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात ७८ डेसिबल होतात. हळुवार संगीत एवढ्या मोठ्याने अभिप्रेत नव्हतं, पण पोचतं आहे.

फोनवर तक्ता भरला. फोन सासूचा, तो तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता. मी प्रश्न वाचत होते आणि सिद्धेश्वरी "न्हाय" म्हणत होती. दहाही प्रश्नांना फारसा वेळ लागला नाही. बेरीज चार.

नऊवरून चार. एका महिन्यात. थोडं जास्तच वाटलं. पण तक्ता प्रमाणित आहे आणि फोनवर भरायला संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीची मान्यता आहे.

२७ मार्च, गुरुवार

सिद्धेश्वरीचा फोन, सासूच्याच नंबरवरून. "मॅडम, डबा बिगडलाय. येऊन बगा की."

काय बिघडलंय, ते तिला सांगता येईना. मी बटण दहा सेकंद दाबून धरायला सांगितलं. तिने दाबलं. दिवा हिरवा झाला का? झाला. मग ठीक आहे.

"तुमी येनार न्हाय?"

"चालू झाला ना?"

"व्हय."

एकूण चार मिनिटं.

१ एप्रिल, मंगळवार

काल ईद. आज सरांनी मला केबिनमध्ये बोलावून शीरखुर्म्याबद्दल विचारलं आणि मग मूळ गोष्ट सांगितली. पुण्याच्या परिषदेत आपल्या प्रकल्पाचं भित्तिपत्रक निवडलं गेलं आहे. दुसरं नाव माझं. अम्मीला सांगितलं तर तिने विचारलं, "भित्तिपत्रक बोले तो क्या?" मी समजावलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "अच्छा है. मगर तू किसी से बात भी किया कर." या दोन गोष्टींचा संबंध मला कळला नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

पुन्हा सिद्धेश्वरी. "डबा चालंना मॅडम." मी शिवयोगीला डबा कामावर येताना आणायला सांगितलं. आणला. दीड तास लावून तपासला. डब्यात दोष नाही. कार्डावर कालची दोन्ही सत्रं पूर्ण. तरी शंका नको म्हणून नवा दिला. बदलल्याचा दाखला भरला, कारणाच्या ओळीत लिहिलं : वापरकर्त्याचा गैरसमज.

प्रभाताईंनी विचारलं, "अगं, चालू डबा बंद आहे असं कुणी का सांगेल?"

मी म्हटलं, शिक्षण कमी आहे.

"कुणाचं?" त्या म्हणाल्या आणि वॉर्डात गेल्या.

१६ एप्रिल, बुधवार

तपासणीला सिद्धेश्वरी काल यायची होती, आली नाही. सासूचा निरोप, ऊन फार आहे. खरं आहे, काल ४२.४.

आज सकाळी ११.४० ला तिचा फोन. मागे बासरी वाजत होती, खूप मोठ्याने. ती जवळजवळ कुजबुजत होती.

"मॅडम, नव्या डब्यात खरखर येतंय."

मला फोनवर खरखर ऐकू येत नव्हती. तसं सांगितलं.

"हाय. तुमी येऊन बगा. येकदा या की."

"साडेअकराला बंद व्हायला हवा. अजून कसा चालू?"

"अत्तीनं परत लावलाय. बाळ हललं न्हाय म्हनून."

"बाळ हलत नाही? मग आजच इकडे या."

"हलतंय. तिला कळंना झालंय." मग म्हणाली, "तुमी येताव का?"

मी हो म्हटलं. शनिवारी बघते म्हटलं.

१९ एप्रिल, शनिवार

भित्तिपत्रकाची छपाई. रंग दोनदा चुकला, आलेखातली सुधारणेची रेघ फिकट आली होती. तिसऱ्या वेळी बरोबर. संध्याकाळी साडेसहा वाजले. गावाला जाणं झालं नाही. पुढच्या शनिवारी.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी प्रभाताई जिन्यातच भेटल्या. सिद्धेश्वरी काल दुपारी घरात काहीतरी प्याली. गावातल्या जीपमधून आणलं, रात्री शस्त्रक्रिया झाली. ती अतिदक्षता विभागात आहे. जगेल म्हणतात. बाळ गेलं. मुलगा होता. तेहतिसावा आठवडा.

मी वर गेले आणि सोळा जणींच्या फोनचे तक्ते भरले. चौथ्या तक्त्यात बेरीज चुकली. माझी बेरीज चुकत नाही.

दुपारी जेवणाचा डबा उघडला नाही. भूक नव्हती. तापमान ४२.६.

२३ एप्रिल, बुधवार

सासू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली. मला वाटलं, ही आता ओरडेल. ती ओरडली नाही. तिने कमरेच्या पिशवीतून कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं, पुडीत बांधलेलं.

"बगा मॅडम. रोज लावत हुते मी. येक दिस चुकला न्हाय. त्या दिसाबी लावून दिलं अन् शेळीला पानी दावाय गेले. आले तर ही..." पुढचं ती कन्नडमध्ये बोलली. मग पुन्हा, "माझं कुटं चुकलं ते बगा त्यात."

मी वर जाऊन कार्ड वाचलं. २१ एप्रिल, सकाळी अकरा ते साडेअकरा. पूर्ण आवाज. पूर्ण सत्र.

खाली येऊन सांगितलं, "चुकलं नाही, मावशी."

ती रडायला लागली. हे उत्तर तिला हवं होतं असं मला वाटलं होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

सिद्धेश्वरीची सगळी कार्डं सुरुवातीपासून पुन्हा काढली. चार मार्च ते एकवीस एप्रिल, एकोणपन्नास दिवस. त्याच्या शेजारी जानेवारी-फेब्रुवारीची खोलीतली सत्रं मांडली. मग तिच्या फोनच्या वेळा मांडल्या.

२७ मार्च, ११.०८. ३ एप्रिल, ५.१६, तो मी उचलला नव्हता, म्हणून तिने चार तारखेला परत केला. १६ एप्रिल, ११.४०. तिन्ही फोन डबा चालू असतानाचे. फक्त ४ एप्रिलचा वेगळा, तो सासू कपडे धुवायला गेली असताना असावा. २७ मार्चच्या नोंदीत सत्र कुठेही तुटलेलं नाही, म्हणजे बटण तिने दाबलंच नव्हतं.

डबा बिघडलाय असं सांगायला तिला डबा चालू असतानाच फोन मिळत होता, कारण तेव्हाच सासू डब्यापाशी आणि फोन चुलीपाशी, आणि त्या आवाजात इकडचं बोलणं सासूला ऐकू जात नसणार. एवढं मला कळलं. आणि ३१ जानेवारीचं सत्र मी रद्द धरलं होतं, ज्यात आवाज नव्हता. ते रद्द धरायला नको होतं. ते तेवढं एकच बरोबर झालं होतं.

यापुढे आज लिहीत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

अभ्यासातून बाई बाहेर पडली की एक अर्ज भरतात. कारणासाठी तीन चौकटी आहेत. माहेरी गेली. गाव सोडलं. इच्छा नाही.

मी सरांना विचारलं, यापैकी कुठली?

त्यांचे डोळे सुजले होते. ते दोन दिवस घरी गेले नव्हते, तिच्यासाठीच. हेही लिहायला हवं. ते म्हणाले, "माहेरी गेली, लिही."

"तिला माहेर नाही, सर."

"तेहतिसाव्या आठवड्यात सगळ्याच जातात. कुणी विचारणार नाही."

"गंभीर घटनेचा वेगळा अर्ज आहे. चोवीस तासांत समितीकडे द्यायचा होता. आता चौथा दिवस आहे."

"अर्शी, फोनवर तिची बेरीज चार होती. तूच भरलीस. कौटुंबिक कारण असणार. एका कुटुंबाच्या भानगडीत बाकीच्या एकवीस जणींचं संगीत बंद करायचं का? तुला माहितीये, त्यांना बरं वाटतंय."

"ते कशानं वाटतंय, ते आपण मोजलेलं नाही."

त्यांनी कोरा अर्ज माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "पत्रकावर तुझंही नाव आहे."

मी अर्ज केबिनबाहेर बसून भरला. फोनच्या वेळा, मी काय उत्तर दिलं, शनिवारी गेले नाही ते, आणि घरचा संच माझी सूचना होती ते. माहेरी जाणाऱ्यांसाठी केलेली सोय माहेर नसलेल्या बाईला लावली आणि तिचं येणं बंद केलं, असं एक वाक्य लिहिलं. ते मत आहे की आकडा, मला ठरवता आलं नाही. तसंच ठेवलं. समितीच्या कार्यालयात स्वतः दिला, पोच घेतली.

१६ मे, शुक्रवार

समितीचं उत्तर आलं. घटनेची नोंद घेतली. सहभागींना तक्ता भरताना शक्यतो एकांत असावा, ही सूचना. संच तपासला, दोष आढळला नाही. अभ्यास सुरू ठेवण्यास हरकत नाही.

सर पुण्याला जाऊन आले. पत्रकावर माझं नाव नव्हतं. माझी मुदत महिनाअखेर संपते, ती वाढवलेली नाही. सर मला एकही वाईट शब्द बोलले नाहीत. "तू हुशार आहेस, दुसरीकडे बघ," म्हणाले. प्रभाताईंनी निरोपाला चहा पाजला आणि म्हणाल्या, "खरं बोललीस ते ठीक. पण उशिरा बोललीस." खोडायला काही नव्हतं.

१० जून, मंगळवार

सिद्धेश्वरीच्या गावाला गेले. एसटी पन्नास मिनिटं. जानेवारीपासून कधीही जाता आलं असतं एवढं अंतर.

मी दवाखान्यात नाही, हे आधीच सांगितलं. तरी सासूने चहा ठेवला. सिद्धेश्वरी आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून ज्वारी निवडत होती. निम्मी झाली आहे. माझ्याकडे बघितलं नाही. डबा फळीवर होता, रुमालाने झाकलेला.

सासू म्हणाली, "डबा न्यायला आलाव का? ऱ्हाऊ द्या की. पुढच्या खेपेला लागंल."

मी सांगितलं, डब्याचा यांना उपयोग झालेला नाही. त्रास झाला.

"मग हे आदी का न्हाय सांगितलं?"

"आधी मला कळलं नव्हतं."

"तुमाला कळलं न्हाय, तर आमाला कसं कळावं, मॅडम?"

खरं होतं. मग मी ज्यासाठी आले होते ते बोलले. मानसोपचाराचे डॉक्टर बुधवारी असतात. पुढच्या बुधवारी मी येते, हिला घेऊन जाते, संध्याकाळी आणून सोडते. शिवयोगीशी बोलले आहे, त्याची ना नाही.

सासूला खरंच नवल वाटलं. रागाने नाही, समजून घ्यायला म्हणून तिने विचारलं, "आता तिला कशाला औशद? आता पोटात काय हाय?"

ज्वारी निवडायचा आवाज थांबला. मी सिद्धेश्वरीला विचारलं, तुम्ही याल का. ती सूप घेऊन आत गेली.

१८ जून, बुधवार

सातच्या एसटीने गेले. ती येईल असं धरलं नव्हतं. ती फाट्यावर उभी होती, चपला हातात, पायाला चिखल. सासूला न सांगता आली होती.

गाडीत खिडकीशी बसली. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "तुमच्यासाटी न्हाय आले."

"बरं."

"घरात बसवत न्हाय म्हनून आले."

"बरं."

"बरं बरं काय? त्या दिशी शनवारी बसले हुते मी फाट्यावर. दोन गाड्या गेल्या."

शनिवारी बघते, हे शब्द माझे होते. त्यांचा अर्थ मला माहीत होता, तिला दुसरा वाटला, असं मी स्वतःला इतके दिवस सांगत होते. गाडीत ते सांगता आलं नाही. छपाईचं तर नाहीच.

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर रांग होती. नवीन मुलगी होती, मला ओळखत नव्हती. तिने अर्ज पुढे सरकवला. रुग्णाचं नाव, वय, पत्ता लिहिला. खाली, सोबत आलेल्याचं नाव. लिहिलं. त्याच्यापुढे, रुग्णाशी नातं.

तंत्रज्ञ लिहिता येत नव्हतं, ती मी आता नाही. मैत्रीण खोटं झालं असतं. शेजारीण नाही, नातेवाईक नाही. मी पेन धरून उभी राहिले. किती वेळ ते मोजलं नाही.

सिद्धेश्वरीने माझ्या खांद्यावरून वाकून कागद बघितला. तिला वाचता येतं, हे मला आज कळलं.

"लिवा की कायतरी," ती म्हणाली. "मागं लोक खोळंबल्यात."